पश्चात्तापाचा वास

ईश्वरी चोगलेच्या विद्यार्थी खात्यात एक लाल नोंद होती. बारावीचे गुण, विज्ञान मेळाव्यातलं बक्षीस, कबड्डीचं जिल्हा पातळीवरचं प्रमाणपत्र हे सगळं त्या नोंदीच्या खाली. म्हणजे कोणीही खातं उघडलं की आधी दर्शन लाल ओळींचं. पहिली ओळ: संस्थेच्या यंत्रात हेतुपुरस्सर फेरफार. दुसरी: इतर विद्यार्थ्यांना चिथावणी. आणि तिसरी: पश्चात्तापाचा अभाव.

"पहिल्या दोन चालतात," ओंकारसर पडद्यावरून म्हणाले. "तसली कितीतरी पोरं मी चांगल्या कॉलेजांत घातली आहेत. पण तिसरी ओळ म्हणजे अवघड दुखणं आहे, बेटा."

ओंकारसर पुण्यात बसून 'निर्मळ मन' नावाचा क्लास चालवत. जाहिरातीत लिहिलेलं असे, 'खरा पश्चात्ताप, अवघ्या एका महिन्यात.' नाव हसण्यासारखं असलं तरी क्लास तुफान चालत होता, आणि त्याला कारण होतं. प्रवेशाचे निबंध यंत्रं लिहू लागली, शिफारसपत्रंही यंत्रं लिहू लागली, आणि ती तपासायलाही यंत्रंच बसली. शेवटी नावाजलेल्या कॉलेजांनी वैतागून कागद बाजूला सारले आणि मुलाखतीच्या टेबलावर नाक आणून ठेवलं.

नाकाला सगळे नाकच म्हणत. कंपनीनं दिलेलं लांबलचक नाव कोणाच्या लक्षात राहत नसे. लाडवाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, पुढे जाळी, वर छोटा पडदा. आपल्या नाकात वास पकडणारी प्रथिनं असतात, तशी प्रयोगशाळेत वाढवलेली शेकडो प्रथिनं आत एका चकतीवर बसवलेली. हवेतला एखादा रेणू येऊन त्यांतल्या एकाला चिकटला की तिथे विजेचा बारीकसा ठिपका उजळतो. कॉफी आली की एका तऱ्हेचे ठिपके, रॉकेल आलं की दुसऱ्या तऱ्हेचे. कॉफी म्हणजे काय, हे नाकाला मुळीच ठाऊक नसतं. त्याला फक्त ठिपक्यांची रांगोळी कळते. त्या रांगोळीला नाव द्यायचं काम माणसाचं.

माणूस घाबरला की त्याच्या घामात वेगळे रेणू येतात, हे शास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं. भीतीपाठोपाठ आनंद आला, राग आला, दुःख आलं. यादी वाढवता वाढवता कंपनीनं एक दिवस 'पश्चात्ताप' हेही नाव त्यात घालून टाकलं. ते कितपत खरं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडत होते. पण कॉलेजांना निकालाची घाई होती.

"डोळे मीट," ओंकारसर म्हणाले. "तो दिवस आठव. तुझ्यामुळे किती लोकांना त्रास झाला ते डोळ्यांपुढे आण."

ईश्वरीनं इमानदारीत डोळे मिटले. तो दिवस तिच्या डोळ्यांपुढे आलाही. शाळेचं फाटक, लाल दिवा, भोंगा, आणि फाटकाशी गजऱ्यांनी भरलेली बादली घेऊन उभा असलेला वॉचमन. तिनं ओठ गच्च दाबून धरले, पण हसू नाकातून फुटलंच. क्लासनं सरावाला पाठवलेल्या पेटीनं दाखवलं: समाधान, उत्तम दर्जाचं.

"कठीण आहे," ओंकारसर म्हणाले आणि त्यांनी कपाळ चोळलं.

आता तो दिवस काय होता, हे सांगायलाच हवं.

करंजबंदर हे समुद्राकाठचं गाव, आणि शाळा तालुक्याच्या ठिकाणी. ईश्वरीची आई दर्शना सुक्या मासळीचा धंदा करी. बोंबील, जवळा, सोडे. वाळवायचे, निवडायचे, बाजारात न्यायचे. ईश्वरी पाचवीत गेली त्या वर्षी शाळेनं फाटकावर नाक बसवलं. सांगायला तंबाखू आणि फटाके पकडण्यासाठी. पण हळूहळू मनाईच्या यादीत 'उग्र वासाचे डबे' शिरले, आणि उग्र म्हणजे काय ते पेठेसर ठरवणार. पेठेसर मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना शाळा उदबत्तीसारखी हवी होती.

पहिल्याच पालकसभेला दर्शना आली आणि भोंगा वाजला. डबाबिबा काही नव्हता तिच्याकडे. वास तिच्या लुगड्याला होता, हातांना होता, आयुष्यभराचा. वॉचमननं तिला बाजूला उभं केलं. वर्गाच्या खिडकीतून ईश्वरीला हे सगळं दिसत होतं. आई थोडा वेळ उभी राहिली आणि मग वळून एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. संध्याकाळी म्हणाली, "बंदरावर काम निघालं गो, नाय जमलं यायला." ईश्वरीनं मान हलवली. पुढे प्रत्येक सभेला बंदरावर काम निघत गेलं.

अकरावीत ईश्वरी विज्ञान मंडळात गेली आणि नाकाची एक खोड तिच्या लक्षात आली. नाव न दिलेला वास आला, मग तो उग्र म्हणून अडवलेला का असेना, की ते पडद्यावर विचारी, 'हा कसला वास?' तीन विद्यार्थ्यांनी एकच उत्तर दिलं की ते पक्कं. ईश्वरीनं दोन मैत्रिणी जमवल्या आणि थोडा जवळा पुडीत बांधून आणला. आधी तिघींनी सांगितलं, गुलाब. नाक म्हणालं, जुळत नाही. मग चाफा. तेही जुळेना. मग केवळ गंमत म्हणून, मोगरा. नाकानं ते मुकाट्यानं मान्य केलं.

त्यानंतर काही महिने त्या शाळेत मोगऱ्याचे डबे येत होते. मधल्या सुट्टीत मागच्या बाकांवर मोगऱ्याचं कालवण आणि मोगऱ्याची चटणी. फाटकावरचा पडदा दिवसभर 'सुगंध' दाखवी आणि पेठेसर पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ईश्वरीनं हट्टानं आईला पुढच्या पालकसभेला ओढून आणलं, तेव्हा फाटक चूप राहिलं. दर्शना आत आली, बाकावर बसली आणि दोन तास गणिताच्या बाईंकडे टक लावून पाहत राहिली. लेकीचे गुण तिनं दोनदा वाचून घेतले.

घोळ झाला स्नेहसंमेलनाच्या दिवशी. कोणीतरी चुगली केली होती. कंपनीचा माणूस आला, त्यानं मूठभर जवळा नाकापुढे धरला आणि नोंद केली: मासळी, मनाई. पण नाकाच्या डोक्यात जवळा आणि मोगरा एव्हाना एकाच पिशवीत बसले होते. त्यानं अख्खी पिशवीच मनाईत टाकली. आणि संध्याकाळी ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून, गावातल्या झाडून सगळ्या आया शाळेत आल्या.

एकेक बाई फाटकातून शिरे आणि भोंगा बोंबले. डॉक्टरीणबाई मासळी. सरपंचीणबाई मासळी. प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या निवृत्त तहसीलदार मासळी, अगदी दुप्पट आवाजात, कारण त्यांचा गजरा दुहेरी होता. वॉचमननं बादली आणली आणि सगळ्यांचे गजरे गोळा केले, पण वास केसांत राहिलेलाच. बघता बघता फाटकाबाहेर बायांची लांबलचक रांग लागली, आणि त्या रांगेत, सगळ्यांच्या मधोमध, दर्शना चोगले. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या फाटकाबाहेर एकटी नव्हती. शेवटी पेठेसरांच्या सौभाग्यवतींनी मासळी ठरल्यावर आवाज चढवला, "अहो, ते नाक बंद करता की मी माहेरी जाऊ?"

नाक बंद झालं. सगळ्या बाया हसत, एकमेकींना टाळ्या देत आत शिरल्या. असं रंगलेलं संमेलन त्या शाळेनं पाहिलं नव्हतं.

कोणी काय शिकवलं हे नाकानं लक्षात ठेवलंच होतं. तिघी पकडल्या गेल्या. मैत्रिणींनी रडून माफी मागितली आणि त्या सुटल्या. पेठेसरांनी ईश्वरीला विचारलं, "तुला काहीच वाईट वाटत नाही?" ती म्हणाली, "नाही, सर." आठ दिवस तिला घरी बसवलं, आणि त्या आठ दिवसांत तिनं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. गुलाब जुळला नाही, चाफा जुळला नाही, मग मोगराच का जुळला?

उत्तर सापडलं तेव्हा ती अंगणात बोंबील वाळत टांगायच्या वलांडीखाली अक्षरशः नाचली. इंडोल नावाचा एक रेणू आहे. मोगऱ्याच्या फुलात तो चिमूटभर असतो आणि मोगऱ्याला मोगरेपण देण्यात त्याचा मोठा हात असतो. कोळंबी, जवळा शिळा होऊ लागला की जिवाणू तिथेही तोच रेणू तयार करतात. थोडा असला तर माणसं केसांत माळतात, जास्त झाला तर नाकाला पदर लावतात. यंत्र फसलं नव्हतं. दोघांत त्याला खरोखरच एक ओळखीचा चेहरा दिसला होता. मग सुगंध कुठला आणि दुर्गंध कुठला, हे ठरवतं कोण? रसायनशास्त्र तर ठरवत नाही. ते ठरवणारी माणसं कोण, केव्हापासून ठरवतात, आणि कोणासाठी?

याच प्रश्नासाठी तिला नीरातीरला जायचं होतं. नीरेच्या उगमाकडच्या डोंगरातलं ते छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज. तिथे एकाच मुलीला सकाळी रसायन, दुपारी इतिहास आणि संध्याकाळी कविता शिकता येत असे, आणि कोणी विचारत नसे की तुझी शाखा कुठली. हजारोंतून मोजकी साठ मुलं घेत. लाल नोंद असली तरी अर्ज करता येई. अट एकच: मुलाखतीत नाकानं पश्चात्ताप दाखवला पाहिजे. नाही तर फाईल तिथेच बंद.

"मग हो म्हण ना गो," आई म्हणाली. ती बोंबील निवडत होती. "सॉरी म्हणायला काय पैसे पडतायत?"

"म्हणून भागत नाही आये. वाटावं लागतं."

"मग वाटून घे! एवढी शिकलीस नि एवढं जमत नाय?"

"नाय जमत."

"डब्यात दोन घास मासळी खायला मिळाली म्हणून आख्खं आयुष्य पणाला लावत्येस. हट्टी मेली." आईनं बोंबील टोपलीत आपटला.

डब्यासाठी नाही, हे ईश्वरीला सांगता येईना. सांगायचं तर खिडकीतून काय पाहिलं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग बंदरावरच्या सगळ्या खोट्या कामांची लाज आईच्या वाट्याला आली असती. वाईट वाटून घ्यायचं म्हणजे आई बाहेर उभी राहायला हवी होती असं मानायचं. ते तिच्याच्यानं होत नव्हतं. आणि नीरातीर तर तिला हवं होतं, अगदी जीव तुटेपर्यंत.

मुलाखतीला दोघी मिळून गेल्या. दर्शनानं आदल्या दिवशी लिंबं चोळून चोळून हात सोलवटून घेतले होते.

समितीत दोघंच होती. अध्यक्ष डॉ. सुलभा घैसास, इतिहासाच्या. पांढरे केस, बारीक आवाज, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय. आणि रसायनाचे प्रा. नौशाद मुकादम, मूळचे दाभोळ खाडीकडचे, गोल चेहऱ्याचे. टेबलावर नाक होतं. लपवाछपवी नको म्हणून त्याचा पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

ईश्वरीनं सुरुवात ओंकारसरांच्या पद्धतीनं केली. "त्या घटनेमुळे अनेकांना झालेल्या मनस्तापाची मला..." पडद्यावर भीती उमटली. पश्चात्तापाच्या रकान्यात शून्य. ती थांबली, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, जसं झालं तसं सांगू?"

"सांगा ना," घैसासबाई म्हणाल्या.

मग तिनं सगळं सांगितलं. गुलाब, चाफा, मोगरा, तहसीलदारांचा दुहेरी गजरा. इंडोलपाशी आली तेव्हा मुकादमसर खुर्चीत पुढे सरकले. "थांब, थांब. हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. घरी बसवलं होतं ना, वेळच वेळ होता."

मुकादमसर खदखदून हसले. पण घैसासबाईंचं लक्ष पडद्याकडे होतं. आनंद, भरपूर. पश्चात्ताप, अजून शून्य. "ईश्वरी," त्या हळूच म्हणाल्या, "तू सांगितलंस ते मला फार आवडलं. पण नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे, मॅडम."

नीरातीरची एक जुनी रीत होती. मुलाखत संपली की पालकांना आत बोलवायचं आणि सगळ्यांनी मिळून चहा घ्यायचा. मुलाखतीच्या खोलीत परकं माणूस आणू नका, असं नाकाच्या कंपनीनं बजावलं होतं. पण चहा म्हणजे काही मुलाखत नव्हे, तेव्हा नाक बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. दर्शना आत आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली.

"चोगलेताई, मुलगी हुशार आहे तुमची," घैसासबाई म्हणाल्या. "शाळेत तुम्ही येत असाल ना नेहमी, कौतुक ऐकायला?"

त्यांनी सहज विचारलं होतं. दर्शनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "व्हय, म्हणजे... जमेल तसं," ती म्हणाली. आणि टेबलावरचं नाक मंद आवाजात किणकिणलं. पश्चात्ताप. तीव्र.

मुकादमसरांनी चष्मा वर केला. "अरे वा! आला की! उशिरा आला, पण आला." त्यांना इतका आनंद झाला होता की ते स्वतःच फाईलकडे हात नेऊ लागले. "आईला समोर पाहिलं आणि पोरीला वाटलं. होतं असं कधी कधी. मॅडम, नोंद करायची ना?"

घैसासबाईंच्या चेहऱ्यावरही सुटकेचं हसू पसरलं. त्यांनी पेन उचललं.

ईश्वरीला फक्त गप्प बसायचं होतं. बास, तेवढंच. चहाचा कप उचलायचा, एक घोट घ्यायचा आणि पुढची चार वर्षं आपली. तिनं कप उचललाही. तेवढ्यात तिला आईचं ते पदर गुंडाळलेलं बोट दिसलं, लिंबानं लाल झालेलं. आपल्या मनात काय आहे आणि काय नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जो वास त्या पेटीला आला होता तो कोणाचा, हेही तिला कळलं होतं. आणि तोच वास स्वतःच्या नावावर चढवून आत शिरायचं?

तिनं कप खाली ठेवला. "सर, तो माझा नाही."

"म्हणजे?"

"पश्चात्ताप. माझा नाही तो. मला अजूनही वाईट वाटत नाही. तो आईचा आहे."

मुकादमसरांनी फाईलकडे नेलेला हात मागे घेतला. मग दर्शनाच उखडली. "गप गो! कायतरीच काय बोलत्येस? लिहा हो म्याडम, तिचाच हाय तो."

"आये, खोटं नको."

दर्शनानं लेकीकडे पाहिलं, मग त्या पेटीकडे, मग घैसासबाईंकडे. आणि तिचे डोळे भरून आले. "माझाच हाय," ती म्हणाली. "ही पाचवीत व्हती. गेटावर भोंगा वाजलान नि समद्या आया माझ्याकडं बघाय लागल्या. वॉचमन म्हणाला, बाजूला व्हा. मी झाले बाजूला. मंग जायचंच सोडलं. हिला सांगायचे, बंदरावर काम हाय. कसलं काम नि कसलं काय, घरात बसून ऱ्हायचे. तवाच त्या गेटावर भांडाय पायजे व्हतं मी. नाय भांडले. म्हणून मंग हिला भांडाय लागलं, नि लाल रेघ हिच्या नावावर पडली. मला काय कळत नाय व्हय, ही कोणासाठी करत व्हती ते? डब्यासाठी, डब्यासाठी म्हणून हिला बोलायचे, पण मला ठाव व्हतं."

ईश्वरी उठली. टेबल, समिती, नाक, सगळं विसरून तिनं आईला मिठी मारली. "मी खिडकीतून बघितलं होतं गो तुला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी." दोघी रडल्या आणि रडता रडता हसायलाही लागल्या, कारण इतकी वर्षं दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या आणि दोघींना ती ठाऊक होती. ईश्वरीला एकदम इतकं हलकं वाटलं की नीरातीर मिळालं नाही तरी चालेल असं ती मनात म्हणाली, आणि ते तिला क्षणभर खरंही वाटलं.

पेटी किणकिण करतच होती. मुकादमसरांनी ती उचलून खिडकीत नेऊन ठेवली. "बिस्किटांना जागा नाही इथे," ते पुटपुटले, आणि रुमालानं त्यांनी चष्मा जरा जास्तच वेळ पुसला.

घैसासबाईंनी उचललेलं पेन फाईलवर ठेवलं. मग म्हणाल्या, "मुकादम, हे यंत्र आपण कशासाठी घेतलं होतं?"

"मुलं खरं बोलतायत का, ते कळावं म्हणून."

"आणि आत्ता ते कशानं कळलं?"

नियमाला अपवाद करायचा अधिकार समितीला होता, फक्त दोघांची सही लागत असे. आजवर तो कोणी वापरला नव्हता. मुकादमसरांनी खिशातून पेन काढलं आणि घैसासबाईंच्या आधी सही करून टाकली.

ईश्वरीला हे काही दिसलं नाही. ती आईचे डोळे पुसत होती. दोघी निघायला उठल्या तेव्हा दर्शनानं धीर करून विचारलं, "म्याडम, मंग... काय होईल हिचं?"

"यादी पुढच्या महिन्यात लागेल, चोगलेताई. त्याआधी मला काही बोलता येत नाही. नियम आहे." घैसासबाई दारापर्यंत सोडायला आल्या. डोंगरावरून गार वारा येत होता. त्यांनी शाल खांद्यावर ओढली आणि सहज बोलल्यासारखं बोलल्या. "इथली थंडी मात्र तुमच्या समुद्राकडच्यासारखी नसते बरं का. पोरीबरोबर जाड पांघरूण द्या."

अपवाद, अधिकार, समिती यांतलं दर्शनाला काही कळलं नसतं. हे मात्र तिला लगेच कळलं. तिनं लेकीचा हात घट्ट धरला.

"एक देऊ का दोन?"

"दोन द्या," घैसासबाई म्हणाल्या.